"घरी न्या, सेवा करा" – बरं, पण सेवा म्हणजे नक्की काय करायचं?

आमच्याकडे मोठ्या हॉस्पिटलमधून पेशंट परत पाठवताना एक ठरलेलं वाक्य असतं. "आता घरी न्या, सेवा करा." मराठवाड्यात ऐकलंय, कोकणातल्या मित्राने सांगितलंय, विदर्भातही हेच. माझ्या मोठ्या आत्याच्या वेळी मी ते स्वतः उभं राहून ऐकलं. आत्याला गालाचा कॅन्सर, जन्मभर मिशरी लावायची, ऑपरेशन झालं, लाईट (रेडिएशन) दिले, सहा महिने बरे गेले आणि मग परत उगवलं. डॉक्टरांनी फाइल बंद केली, माझ्या आतेभावाच्या हातात दिली आणि ते वाक्य बोलले. माणूस वाईट नव्हता, बाहेर दीडशे पेशंट बसले होते त्याच्या. जीप करून आत्याला घरी आणलं, आणि त्या रात्री दोन वाजता ती कण्हायला लागली तेव्हा घरात काय होतं, तर दुखण्याच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप, गंगाजळाची बाटली आणि आम्ही आठ माणसं, ज्यातल्या एकालाही सेवा म्हणजे काय करायचं हे माहीत नव्हतं.

तर "घरी न्या" आणि "गेली बिचारी, सुटली" या दोन वाक्यांच्या मधे जे काही आठवडे, महिने, कधी कधी वर्षं असतात, त्यात जे करायचं असतं त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सरकारी मराठीत "उपशामक काळजी", हा शब्द मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, फक्त बोर्डावर वाचलाय. मूळ लॅटिन शब्द पॅलियम, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र, झगा. आपल्या भाषेत पांघरूण. रोग बरा होईल न होईल, माणसाला थंडी वाजतेय ना, मग पांघरूण घाला, इतकी साधी कल्पना आहे.

इथे एक मोठा गैरसमज आहे तो आधी काढून टाकू. लोकांना वाटतं पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे चार दिवस, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. तसं नाहीये. किमो चालू असतानाही ही काळजी सुरू होऊ शकते, आणि व्हायला पाहिजे, कारण उलट्या, तोंड येणं, दुखणं हे तेव्हाही असतंच की. आणि ती फक्त कॅन्सरची पण नाही. लकवा झालेला माणूस, किडनी गेलेला, दम्याने फुप्फुस निकामी झालेला, हार्ट कमजोर झालेला, म्हातारपणी सगळं विसरलेला, हे सगळे यात येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने खेड्यांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण लकवा निघालं, साधारण सातातला एक मृत्यू. गडचिरोलीत, जिथे आपण मलेरिया आणि सापाचं धरून बसलेलो! आणि लकवा झालेला माणूस लगेच जात नाही, तो खाटेला लागतो, त्याची बायको किंवा सून पुढची काही वर्षं त्या खाटेला बांधली जाते.

आता किती लोकांना लागतं हे? साधा हिशोब करून बघू. एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली, म्हणजे पीएचसीखाली, साधारण ३०,००० लोकसंख्या धरतात. वर्षाला हजारी सहा मृत्यू धरले तर १८० होतात. त्यातले अपघात, सर्पदंश, झोपेत अटॅक येऊन गेलेले असे सगळे बाजूला काढा, अगदी कंजूषपणे अर्धेच धरा, तरी ९० माणसं दरवर्षी अशी, ज्यांना जाण्याआधी काही काळ या काळजीची गरज होती. एका पीएचसीत. जगाचा आकडा डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, देते तो असा की वर्षाला सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअर लागते आणि मिळते साधारण १४ टक्के लोकांना. खेड्यात ते १४ सुद्धा कुठून आणायचे.

बरं, दुखणं म्हणजे काय ते बघा. मराठीत हा शब्द भारी आहे, "दुखणं" म्हणजे आजारपण पण आणि वेदना पण. "त्याला लई मोठं दुखणं झालं" म्हणतो आपण. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स नावाच्या बाई होत्या, आधी नर्स, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या, त्यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस (बरं न होणाऱ्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण) सुरू केलं आणि आधुनिक पॅलिएटिव्ह केअर तिथून धरतात. त्यांचं म्हणणं होतं की पेशंटची वेदना चार ठिकाणची असते, शरीराची, मनाची, घरादाराची आणि देवाधर्माची, आणि ती सुटी सुटी करता येत नाही. आमच्या आत्याचं बघा. गाल दुखायचा ते आहेच. पण ऑपरेशनसाठी विकलेल्या दोन म्हशी तिला त्याहून जास्त टोचायच्या. आणि सगळ्यात जास्त काय, तर जखमेचा वास. मी एकदा विचारलं, आत्या, काय करू तुझ्यासाठी, तर म्हणाली, "दुखतंय ते दुखू दे रे, पण ह्या वासाचं काहीतरी कर. नातू जवळ येत न्हाय." पाच वर्षांचा नातू दाराशी उभा राहून नाक धरायचा. यावर कुठलं इंजेक्शन देणार?

पण उपाय होता, आणि तो इतका स्वस्त होता की मला नंतर रागच आला. तालुक्याच्या गावाहून एक सिस्टर यायला लागल्या, स्कूटीवर, त्यांनी या कामाचं ट्रेनिंग घेतलेलं. त्यांनी पहिल्या दिवशी जखमेला हातच लावला नाही, आधी अर्धा तास आत्याशी गप्पा मारल्या, मग आम्हाला चुलीवर पाणी उकळायला लावलं, अर्धा लिटर पाणी, एक छोटा चमचा मीठ, झाकून गार करायचं. झालं सलाईन. जुनी सुती साडी धुऊन, कापून, कुकरमध्ये वाफवून तिच्या घड्या. जखम त्या पाण्याने हळूहळू भिजवून पट्टी सोडवायची, ओढायची नाही (आम्ही ओढत होतो, आत्या किंचाळायची, आम्हाला वाटायचं तसंच असतं). आणि मग मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्याची पूड जखमेवर भुरभुरवायची. हीच ती गोळी, जुलाबाला देतात ती. वास जंतूंमुळे येतो, ते जंतू या गोळीने मरतात. चार-पाच दिवसांत वास इतका कमी झाला की नातू खाटेवर येऊन बसला. (हे वाचून आपल्या मनाने कुणाच्या जखमेवर काही टाकू नका, जखम बघून ठरवावं लागतं. काही जखमांत अळ्या पडलेल्या असतात, त्याचं वेगळं करावं लागतं, आणि तेही करता येतं, घाबरण्यासारखं नसतं.)

मग पाठीच्या जखमा, बेडसोअर. लकव्याच्या पेशंटला हा शाप असतो. दर दोन तासांनी कूस बदलायची हे सांगायला सोपं, पण सून दिवसभर कापूस वेचायला जाते तर दुपारी कूस कोण बदलणार हा खरा प्रश्न. शेजारची म्हातारी. म्हणजे त्या म्हातारीलाही शिकवावं लागतं की माणूस ओढायचा नाही, चादरीसकट फिरवायचा. तोंडाची काळजी, लघवीची नळी, नाकातल्या नळीतून भरवणं, हे सगळं चौथी शिकलेली बाई पण नीट करू शकते. मी पाहिलंय. दाखवून द्यायला कुणी हवं, आणि चुकलं तर ओरडायला नको.

आता येतो सगळ्यात मोठ्या भानगडीकडे. मॉर्फिन.

साधं दुखणं असेल तर पॅरासिटामॉल, त्याने नाही भागलं तर ट्रामाडॉलसारखं, आणि त्यानेही नाही भागलं तर मॉर्फिन, अशी पायऱ्यांची शिडी डब्ल्यूएचओने १९८६ सालीच सांगून ठेवली. कॅन्सरच्या बहुतेक पेशंटचं दुखणं या शिडीने आटोक्यात येतं. मॉर्फिनची गोळी तोंडाने घ्यायची, साधी गोळी असेल तर तिचा असर चारेक तास राहतो, म्हणून घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची. "दुखलं की घ्या" असं नाही! दुखायची वाट बघायची नाही, हा यातला गाभा आहे, आणि हेच लोकांना पटत नाही, कारण आपल्याकडे गोळी कमी घेणं म्हणजे शहाणपण. आतेभाऊ एक गोळी वाचवून ठेवायचा, "जास्त दुखलं तर असू दे" म्हणून. सिस्टरनी त्याला झापलं. सोबत पोट साफ होण्याची गोळी द्यावीच लागते कारण मॉर्फिनने पोट घट्ट बसतं, आणि ते जर सांगितलं नाही तर पेशंट आठ दिवसांनी दुखण्याने नाही, बद्धकोष्ठाने रडत असतो आणि घरचे गोळी बंद करून टाकतात.

आणि व्यसन लागेल का? प्रत्येक घरात हा प्रश्न येतो, कधी कधी डॉक्टरच विचारतात. दुखण्यासाठी, तोंडाने, डॉक्टरने बघून ठरवलेल्या आणि हळूहळू वाढवलेल्या डोसमध्ये घेतलं तर कॅन्सरच्या पेशंटमध्ये व्यसन क्वचित दिसतं, आणि श्वास बंद पडेल ही भीतीही नीट दिलं तर खरी ठरत नाही. अचानक बंद मात्र करायचं नाही. पण "अफूपासून काढलेलं" म्हटलं की गावात लोक असे बघतात जणू आपण म्हातारीला गर्दुल्ली करायला निघालो.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. जगात कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेशात नीमच, मंदसौर भागात शेतकरी लायसन्स घेऊन अफू लावतात, नीमचला आणि उत्तर प्रदेशात गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, तिथून माल परदेशात जातो. आणि नीमचहून एका रात्रीच्या अंतरावरच्या आमच्या गावात गोळी नाही. कारण १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा, एनडीपीएस. स्मगलरना पकडायला केला, ठीकच होतं, पण शिक्षा कमीत कमी १० वर्षं आणि दवाखान्याला मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळी लायसन्स, ती पण वेगवेगळ्या खात्यांची आणि सगळी एकाच वेळी चालू पाहिजेत. रजिस्टरमध्ये दोन गोळ्यांची चूक झाली तर जेल, मग कोण केमिस्ट ठेवेल? कुणीच नाही ठेवलं. १९८५ ते १९९७ मध्ये देशातला औषधी मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरला, १९९७ साली सगळ्या देशात मिळून वर्षाला अवघा १८ किलो. एवढ्या मोठ्या देशाला! एका आख्ख्या पिढीचे डॉक्टर मॉर्फिनची गोळी कधी न लिहिता रिटायर झाले, म्हणून आजचा तरुण डॉक्टर घाबरतो तर त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला शिकवायलाच कुणी नव्हतं.

२०१४ मध्ये कायदा बदलला. हे होण्यामागे ज्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले त्यात केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांचं नाव पहिलं घ्यायला लागेल, पॅलियम इंडिया ही त्यांची संस्था, २०१८ साली पद्मश्री मिळाली त्यांना. बदल असा की मॉर्फिनसारखी सहा औषधं "अत्यावश्यक" धरली, आणि आता हॉस्पिटलला पाच ठिकाणी फिरायची गरज नाही, राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे एफडीएची, एक मान्यता घ्यायची आणि एक ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर ठेवायचा. कागदावर एकदम सोपं. तरी जिल्ह्यात मॉर्फिन मिळणारी ठिकाणं बोटावर मोजण्याइतकी, कारण मान्यता घेण्यासाठी कुणीतरी अर्ज करायला लागतो. आतेभाऊ दर पंधरा दिवसांनी १३० किलोमीटर एसटीने जाऊन गोळ्या आणायचा, जाऊन येऊन एक दिवसाची मजुरी बुडायची, गोळ्या स्वस्त आणि तिकीट महाग. एकदा एसटीचा संप होता तेव्हा काय झालं ते मी लिहीत नाही.

युगांडात बघा कसं केलं. तिथे डॉक्टर आपल्यापेक्षा कमी. १९९३ मध्ये ॲन मेरिमन या डॉक्टरबाईंनी हॉस्पिस सुरू केलं, मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून बाटलीत भरून द्यायला लागले, आणि २००४ पासून तिथे खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून द्यायची कायद्याने परवानगी आहे. नर्स! आपल्याकडे हे नुसतं बोललं तरी मीटिंगमध्ये लोक खुर्च्या मागे ओढतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर आज ना उद्या हे करावंच लागेल, कारण आमच्या पीएचसीचा डॉक्टर वर्षातून दोनदा बदलतो, सिस्टर मात्र अकरा वर्षं तीच आहे.

आता केरळ. पॅलिएटिव्ह केअरचं बोलणं केरळशिवाय पूर्ण होत नाही, पण लोक ते देवळातल्या आरतीसारखं म्हणतात, म्हणून जरा नीट बघू काय झालं ते. १९९३ मध्ये कालिकतच्या सरकारी मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि काही साथीदारांनी एक सोसायटी काढून पेन क्लिनिक सुरू केलं. चांगलं चाललं. पण त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना सगळ्यात जास्त दुखतंय ते लोक तर येतच नाहीयेत, कारण ते उठूच शकत नाहीत. मग घरी जायला लागले. मग लक्षात आलं की घरी गेलं तरी अर्धे प्रश्न डॉक्टरचे नाहीतच, घरात तांदूळ नाहीत, मुलाची फी राहिलीय, नवरा बोलत नाही. हे तर शेजारी सोडवू शकतात! मग मलप्पुरम जिल्ह्यात १९९९-२००० च्या सुमारास त्यांनी उलटं केलं, काम गावाच्या हातात दिलं आणि डॉक्टर-नर्स मदतीला ठेवले. गावातले शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, गृहिणी, यांना साधारण १६ तासांचं शिकवणं आणि मग चार दिवस टीमबरोबर घरोघरी फिरणं, एवढ्या तयारीवर ते आपापल्या गल्लीतले पेशंट शोधायला लागले. पैसा मोठ्या देणगीदाराचा नाही, दुकानाच्या काउंटरवर डबा, त्यात चिल्लर. आणि २००८ मध्ये राज्य सरकारने धोरण केलं, देशातलं पहिलं, की हे काम पंचायतीने करायचं, पंचायतीच्या पैशातून नर्स नेमायची आणि तिने घरोघरी जायचं. आता १५ जानेवारीला तिकडे पॅलिएटिव्ह दिवस पाळतात, शाळेतली पोरं डबे घेऊन फिरतात.

मग आपल्याकडे का नाही? लोक लगेच म्हणतात, केरळचे लोक शिकलेले. हे अर्धं खरं. मला महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे केरळने नव्वदच्या दशकातच पंचायतींना खरोखरचा पैसा आणि काय करायचं ते ठरवायची मुभा दिली होती, म्हणून पंचायतीला नर्स नेमता आली. शिवाय तिथे घराला घर लागून, नर्सची जीप सकाळी निघाली की दुपारपर्यंत सात-आठ घरं होतात. नंदुरबारच्या डोंगरात दोन पाड्यांमध्येच दुपार होईल. आणि आमच्या बीड भागात तर दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला, घरी म्हातारी माणसं आणि बारकी पोरं, मग व्हॉलंटिअर कोण आणि कूस बदलणार कोण? तिकडचा नकाशा इकडे जसाच्या तसा चिकटवला तर तो गळूनच पडणार.

पण आपल्याकडे काहीच नाही असंही नाही, उलट बरंच आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला, शांती आवेदना, १९८६ साली, पुढे त्यांनी गोव्यात लोटलीलाही काढलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे. टाटा मेमोरियलमध्ये वेगळा विभाग आहे. राज्याचं धोरणही आहे, केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे. आणि उपकेंद्रांची जी आयुष्मान आरोग्य मंदिरं झाली, त्यांनी द्यायच्या बारा सेवांच्या यादीत म्हातारपणाची आणि पॅलिएटिव्ह काळजी लिहिलेली आहे. म्हणजे तुमच्या उपकेंद्राच्या पिवळ्या भिंतीमागे बसणाऱ्या सीएचओचं, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचं, हे काम आहे. विचारून बघा एकदा. मी विचारलं तर तो म्हणाला, सर ट्रेनिंग झालंय ऑनलाइन, पण रोजचं बीपी-शुगरचं टार्गेट आणि पोर्टलची एंट्री यातून बाहेर पडून घरी कधी जाऊ? त्याचंही खरं आहे.

आणि मुळात ही आयडिया आपल्याला नवीन पण नाही! जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० पासून निरक्षर बायकांना गावच्या आरोग्य सेविका बनवलं. बंगांनी १९९५ पासून गडचिरोलीतल्या ३९ गावांत बायकांना शिकवलं की नवीन जन्मलेलं बाळ घरीच कसं सांभाळायचं, न्यूमोनिया कसा ओळखायचा, इंजेक्शनसुद्धा द्यायला शिकवलं. तेव्हा मोठमोठे बालरोगतज्ज्ञ म्हणायचे हे हॉस्पिटलशिवाय शक्यच नाही, आणि तिथला नवजात बाळांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला, पुढे तेच घरभेटीचं काम देशभर आशाताईंच्या कामात आलं. म्हणजे जन्माच्या वेळी घरापर्यंत जाणारी वाट आपणच पाडलीय. बाळंतिणीच्या घरी आशाताई ठरल्या दिवशी जाते, त्याच गल्लीत मरायला टेकलेल्या माणसाच्या घरी मात्र ती तशी ठरल्या दिवशी जाताना दिसत नाही. आशाताई पगारी नाही, थोडं मानधन आणि कामामागे मोबदला आहे, त्यामुळे "आशाला सांगा, ती करेल" हे जे आपण प्रत्येक गोष्टीत करतो ना, ते इथे करू नका प्लीज. काम वाढवायचं तर पैसे वाढवा. पेशंट शोधणं मात्र तिच्याइतकं कुणाला जमणार नाही, घरोघरी आजारांची माहिती घ्यायचा सीबॅक नावाचा फॉर्म ती भरते, त्यात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची नोंद असतेच, ती पुढे कुणी उघडून बघत नाही इतकंच.

एखाद्या तालुक्यात सुरू करायचं तर मला जे दिसतं ते असं. इमारत नको, बेड नकोत, फोटो काढण्यासारखं काही नको. हवी एक नर्स, जिला दुसरं टार्गेट नाही, आणि तिच्या स्कूटीत पेट्रोल. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिनची मान्यता आणि ट्रेनिंग घेतलेला एक डॉक्टर, जो फोन उचलतो. रात्री पण. घरच्यांना रात्री दोन वाजता गोळीपेक्षा जास्त काय लागतं तर "ताई, असं होतंय, काय करू" हे विचारायला एक नंबर. आणि गावात चार-पाच माणसं. ती कुठून आणायची? भजनी मंडळातून आणा. मी थट्टा नाही करत, आमच्या गावात कुणी आजारी असलं की संध्याकाळी जाऊन बसणारे लोक तेच आहेत, त्यांना फक्त जाऊन बसल्यावर काय बघायचं ते शिकवायचं. बचत गटाच्या बायका आहेत. गणपती मंडळाची पोरं आहेत, ज्यांच्याकडे वर्गणी गोळा करायचा अनुभव दांडगा आहे! ग्रामपंचायतीच्या वर्षाच्या आराखड्यात यासाठी एक ओळ घालता येते, ग्रामसभेत उठून बोलावं लागतं फक्त. महात्मा फुले योजनेच्या भरवशावर राहू नका, ती मुळात ॲडमिट पेशंटच्या उपचारासाठी आहे, घरच्या खाटेसाठी नाही.

अजून एक अवघड गोष्ट शिकवावी लागते, ती म्हणजे बोलणं. पेशंटच्या खोलीत शिरण्याआधी घरचे ओट्यावर अडवतात, "आईला माहीत नाही हां, कॅन्सर म्हणू नका, गाठ म्हणा." आणि आत गेलं की आई हळूच म्हणते, "पोरांना सांगू नका मला समजलंय ते, घाबरतील." आमच्याकडे अगदी हेच झालं. सिस्टरनी काही भाषण नाही दिलं, आत्याला एवढंच विचारलं, "तुम्हाला काय वाटतंय काय झालंय?" आणि गप्प बसल्या. बराच वेळ. मग आत्या बोलायला लागली ती थांबेचना, आणि त्यात निघालं काय, तर तिला धाकट्या लेकीला एकदा माहेरपणाला आणायचं होतं, जिच्याशी सहा वर्षं अबोला होता. हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

आणि "एक बाटली लावा". शेवटच्या दिवसांत पेशंट जेवणं सोडतो, मग सगळं गाव म्हणतं उपाशी मारताय का, आणि कुणीतरी जाऊन सलाईनवाल्याला घेऊन येतं, तो पाचशे रुपये घेऊन बाटली लावतो, सगळ्यांना बरं वाटतं, पेशंट सोडून. शरीर बंद पडत आलं की त्याला अन्नाची भूक राहत नाही, जबरदस्ती भरवलं तर ठसका लागतो, फुप्फुसात जातं, बाटलीचं पाणी कधी कधी अंगावर सूज आणि छातीत घरघर वाढवतं. तेव्हा काय करायचं, तर ओला कापूस ओठांना, डोकं उंच, दम लागत असेल तर तोंडावर वारा, लाईट गेली असेल तर विंझणा. वारा तोंडावर लागला की दम खरंच कमी जाणवतो, हे उगाच मनाच्या समजुतीसाठी सांगत नाहीये. आमच्या आत्याजवळ शेवटचे दोन दिवस तिची तीच धाकटी लेक बसली होती विंझणा घेऊन.

आत्यासाठी आम्ही हवेची गादी घेतली होती, मोटरवाली, भरते-रिकामी होते ती. ती नंतर वरच्या आळीतल्या एका लकव्याच्या आजोबांकडे गेली, मग तिथून शाळेजवळच्या एका घरी. आता तिसऱ्या घरात आहे. मोटरीचा आवाज यायला लागलाय, तालुक्याला रिपेअर होते का ते बघायचंय, कारण चौथ्या घरातून निरोप आलाय.